चार कॅमेरे, एक चौक आणि ‘मागील पानावरून पुढे’

आज आम्ही बोलणार आहोत कॅमेऱ्यांबद्दल. लग्नातल्या फोटोवाल्याच्या नव्हे, तर खांबावर बसलेल्या, दिवसरात्र बघत राहणाऱ्या कॅमेऱ्यांबद्दल. आता ते फक्त शहरात राहिलेले नाहीत. ग्रामपंचायतीच्या दारात, दूध संकलन केंद्रावर, बँकेत आणि काही ठिकाणी बचत गटाच्या दुकानातसुद्धा ते बसले आहेत. कॅमेरा लावला म्हणजे काम झालं, आता जे घडेल त्याचा पुरावा राहील, असं आपण धरून चालतो. पण तो पुरावा किती दिवस राहतो? त्यात चेहरा ओळखू येतो का? हे कॅमेऱ्याच्या काचेवर जितकं अवलंबून असतं, तितकंच चित्र बारीक करून साठवण्याच्या पद्धतीवर असतं. तीच पद्धत आज समजून घेऊ.

आम्ही बोलतो आहोत नागपूरच्या धरमपेठेतून. शंकरनगर, गोकुळपेठेचा बाजार, ट्रॅफिक पार्क, लक्ष्मीभवन चौक असा हा गजबजलेला भाग. नागपूर शहरात पोलीस आणि महापालिकेसाठी जे कॅमेऱ्यांचं जाळं उभं राहिलं, त्यात सुमारे सातशे ठिकाणी मिळून साडेतीन हजारांवर कॅमेरे आहेत. एका मोठ्या चौकात एकाहून जास्त कॅमेरे लागतात. एक येणारा रस्ता बघतो, दुसरा जाणारा, तिसरा समोरची बाजू. इतके सगळे डोळे एकदम बघतात, तेव्हा ते बघितलेलं ठेवायचं कुठे?

आधी हिशेब करू

कॅमेऱ्याचं चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. हल्लीच्या साध्या चांगल्या कॅमेऱ्यात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार केला की २०,७३,६०० ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्यासाठी तीन आकडे लिहावे लागतात: लाल किती, हिरवा किती, निळा किती. म्हणजे एका चित्राला ६२,२०,८०० आकडे. आणि व्हिडिओ म्हणजे सेकंदाला अशी २५ चित्रं. एका सेकंदाचे झाले १५ कोटी ५५ लाख २० हजार आकडे.

दिवसात ८६,४०० सेकंद असतात. एका कॅमेऱ्याचा एका दिवसाचा कच्चा माल होतो जवळजवळ १३,४०० जीबी. आपल्या हातातल्या मोबाइलमध्ये १२८ जीबी जागा असेल, तर असे १०५ मोबाइल लागतील. तेही एका कॅमेऱ्यासाठी आणि एका दिवसासाठी! साडेतीन हजार कॅमेऱ्यांचं तर बोलायलाच नको.

प्रत्यक्षात तोच कॅमेरा दिवसाला साधारण ४३ जीबीत भागवतो. १०५ मोबाइल लागले असते, तिथे एका मोबाइलचा तिसरा हिस्सा पुरतो. तीनशे पोती धान्य एका पोत्यात बसवावं, तसा हा प्रकार. ही जादू नाही, काटकसर आहे. आणि काटकसर आपल्याला कोणी शिकवायला नको. तिच्या चार पायऱ्या आहेत.

पहिली पायरी: एकाच चित्रातली काटकसर

पांढऱ्या भिंतीचा फोटो घ्या. तिथला हजारावा ठिपका नऊशे नव्व्याण्णवाव्यासारखाच असतो. मग प्रत्येकाचा आकडा वेगळा कशाला लिहायचा? संगणक चित्राचे लहान लहान चौकोन पाडतो. फोटोच्या नेहमीच्या जेपेग पद्धतीत आठ बाय आठ ठिपक्यांचा एक चौकोन असतो. त्या चौकोनात ठळक काय आहे आणि बारीक काय आहे, हे तो वेगळं काढतो. ठळक ते नीट ठेवतो. बारीक, डोळ्याला फारसं न जाणवणारं असेल ते सोडून देतो.

ही वेगळं काढण्याची रीत आपल्या देशात जन्मलेल्या माणसाच्या डोक्यातून आली. बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत ती १९७४ साली प्रसिद्ध केली. तुमच्या मोबाइलमधला जवळजवळ प्रत्येक फोटो आजही तिच्यावर चालतो.

दुसरी गोष्ट डोळ्याची. आपला डोळा उजेड-अंधारातला फरक चटकन ओळखतो, रंगातला बारीक फरक तितका नाही. म्हणून उजेडाची नोंद प्रत्येक ठिपक्याची ठेवतात आणि रंगाची नोंद चार ठिपक्यांना मिळून एक. एवढ्यानेच आकडे निम्म्यावर येतात.

दुसरी पायरी: मागील पानावरून पुढे

खरी मोठी बचत इथे होते, आणि ती समजायला गटाचं रजिस्टर पुरेसं आहे. प्रत्येक महिन्याला आपण गटाच्या सुरुवातीपासूनचा सगळा हिशेब पुन्हा लिहितो का? नाही. वर ‘मागील पानावरून पुढे’ लिहून शिल्लक घेतो आणि या महिन्यात काय बदललं तेवढंच खाली मांडतो.

कॅमेराही हेच करतो. चौकातली इमारत, खांब, दुभाजक, दुकानाच्या पाट्या मागच्या क्षणी होत्या तिथेच या क्षणी आहेत. त्यांच्यापुढे तो जणू ‘वरीलप्रमाणे’ लिहितो. बस पुढे सरकली, तर बस पुन्हा काढत नाही. ‘तीच बस, इतकी उजवीकडे’ एवढीच नोंद करतो. बसच्या मागून नवा दिसलेला रस्त्याचा तुकडा मात्र लिहावा लागतो.

पण नुसतं मागील पानावरून पुढे चालत राहिलं आणि मधलं एक पान फाटलं, तर पुढचा सगळा हिशेब कोसळतो. म्हणून गट जसा वर्षअखेरीला पूर्ण ताळेबंद मांडतो, तसा कॅमेराही दर काही सेकंदांनी एक चित्र पूर्ण लिहितो आणि तिथून नव्याने सुरुवात करतो.

या पद्धतीचे जगभर ठरलेले नियम आहेत. २००३ साली एच. २६४ नावाची पद्धत आली. २०१३ साली आलेली एच. २६५ तेवढ्याच स्पष्टतेचं चित्र साधारण निम्म्या जागेत बसवते. २०२० साली एच. २६६ आली, ती आणखी काटकसरी आहे. कॅमेऱ्याच्या खोक्यावर हे आकडे छापलेले असतात. ते का बघायचे, ते पुढे सांगतो.

तिसरी पायरी: शेजारच्या कॅमेऱ्याची मदत

आता चौकातल्या कॅमेऱ्यांकडे वळू. एकाच बसकडे दोन कॅमेरे बघत असतील, तर बस दोनदा का लिहायची? पहिल्याने ती पूर्ण लिहावी आणि दुसऱ्याने म्हणावं, ‘शेजारणीच्या चित्रातली तीच बस, माझ्याकडून जरा तिरकी.’ वेळेची बचत जशी मागच्या पानावरून, तशी ही बचत शेजारच्या वहीवरून. याचेही नियम आहेत. एच. २६४ मध्ये २००९ च्या सुमारास आणि एच. २६५ मध्ये २०१४ साली ‘अनेक कॅमेऱ्यांचं चित्र एकत्र’ साठवण्याची सोय जोडली गेली. डोळ्यांवर चष्मा लावून बघायच्या त्रिमितीय सिनेमात डाव्या आणि उजव्या डोळ्याची दोन चित्रं अशीच साठवतात. दोन्हींत फरक अगदी थोडा असतो, म्हणून दुसऱ्या चित्राला जागा कमी लागते.

मग चौकात हे सर्रास का होत नाही? कारणं साधी आहेत. सिनेमाचे दोन कॅमेरे एकमेकांना चिकटून असतात. चौकातले दूर असतात आणि वेगवेगळ्या दिशांना तोंड करून असतात. एकाला बसचं तोंड दिसतं, दुसऱ्याला पाठ. एकावर ऊन पडतं, दुसरा सावलीत. शेजारणीच्या वहीतला हिशेब आपल्याशी जुळतच नसेल, तर उतरवून काय उपयोग? शिवाय एकमेकांचं बघून लिहायचं तर कॅमेऱ्यांनी आपसात सतत बोलायला हवं. त्यासाठी तारा लागतात, ताकदीचा संगणक लागतो. म्हणून आजही बहुतेक ठिकाणी प्रत्येक कॅमेरा आपली वही आपणच लिहितो.

चौथी पायरी: न बोलता केलेली बचत

इथे एक सुंदर युक्ती आहे. कॅमेऱ्यांनी आपसात न बोलताही बचत होते का? १९७३ साली डेव्हिड स्लेपियन आणि जॅक वुल्फ या दोघांनी गणिताने दाखवलं की होते. आपण ती सोयाबीनच्या कट्ट्यांवरून समजू.

दोन मैत्रिणी गोदामाच्या दोन दारांत उभ्या राहून एकाच ढिगातले कट्टे मोजतात. दोघींच्या मोजणीत चूकभूल धरून जास्तीत जास्त चारचा फरक पडतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पहिली केंद्रावर कळवते, ‘४७’. दुसरीने पहिलीचा आकडा ऐकलेला नाही, तरी ती फक्त शेवटचा अंक कळवते, ‘३’. केंद्रावरची बाई विचार करते: ३ ने संपणारे आकडे ३३, ४३, ५३, ६३. ४७ पासून चारच्या आत कोणता? फक्त ४३. झालं! दुसरीने अर्धाच आकडा पाठवला, पहिलीशी एक शब्द बोलली नाही, तरी पूर्ण आकडा पोहोचला.

अनेक कॅमेऱ्यांतही हेच करता येतं. खांबावरचा छोटा कॅमेरा थोडंच पाठवतो आणि जुळवाजुळवीचं जड काम मध्यवर्ती संगणकावर सोडतो. बॅटरीवर चालणाऱ्या लहान कॅमेऱ्यांना हे सोयीचं. पण एक अट आहे: फरक चारच्या आतच हवा. एखाद्या दिवशी दुसरीची मोजणी ५३ निघाली, तरी ती ‘३’ च कळवणार आणि केंद्र ४३ धरून बसणार. चूक झाली हेसुद्धा कळणार नाही. म्हणून ही युक्ती वापरताना दोन कॅमेऱ्यांत नक्की किती साम्य आहे, हे आधी नीट जोखावं लागतं.

जिथे काटकसर चालत नाही

आपल्या विदर्भातलंच उदाहरण घ्या. वाघांची गणना करताना जंगलात पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे बांधतात. वाघ मधून गेला की दोन्ही बाजूंनी फोटो निघतो. एकच का नाही? कारण वाघाच्या डाव्या अंगावरचे पट्टे आणि उजव्या अंगावरचे पट्टे सारखे नसतात. एका बाजूवरून दुसरी ओळखता येत नाही. म्हणजे इथे शेजारच्या वहीतून उतरवण्यासारखं काही नाही. दोन्ही चित्रं पूर्णच ठेवावी लागतात.

२०१८ च्या देशव्यापी गणनेत २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले होते. त्यांतून ३,४८,५८,६२३ फोटो मिळाले. त्यांत वाघांचे होते ७६,६५१. बाकी हरणं, बिबटे, गुरं, माणसं आणि वाऱ्याने हललेलं गवत. पट्ट्यांची जुळणी करून २,४६१ वेगवेगळे वाघ ओळखले गेले. हे फोटो जागा वाचवण्यासाठी फार दाबले असते, तर पट्ट्यांच्या कडा पुसट झाल्या असत्या आणि दोन वाघ एक ठरले असते, किंवा एकाचे दोन. म्हणून बचतीआधी विचारायचं: या चित्रातून आपल्याला काय ओळखायचं आहे? वाघाचे पट्टे, गाडीचा नंबर, माणसाचा चेहरा या गोष्टी बारीक असतात. संगणक ‘फारसं जाणवत नाही’ म्हणून सोडून देतो, त्यात त्याच आधी जातात. आणि एकदा सोडून दिलेलं परत आणता येत नाही. सिनेमात दाखवतात तसं धूसर चित्र मोठं करून चेहरा स्पष्ट करणं हा खेळ आहे. जे लिहिलंच नाही, ते वाचणार कसं?

आपल्या कामाचं काय?

गटाच्या दुकानाला किंवा दूध केंद्राला कॅमेरे घ्यायचे असतील, तर एक सोपं गणित लक्षात ठेवा. कॅमेरा सेकंदाला किती ‘मेगाबिट’ लिहितो, हे विक्रेत्याला विचारा. त्या आकड्याला १०.८ ने गुणा. उत्तर म्हणजे रोजचे जीबी. चार मेगाबिट असेल तर ४ गुणिले १०.८, म्हणजे ४३ जीबी. असे चार कॅमेरे असतील तर रोज १७३ जीबी. १ टीबीची, म्हणजे १००० जीबीची डिस्क सहा दिवसांच्या आतच भरते. भरल्यावर यंत्र थांबत नाही, जुनं पुसून त्यावर नवं लिहितं. तेच कॅमेरे एच. २६५ चे असतील तर साधारण साडेअकरा दिवस मिळतात. २ टीबीची डिस्क घेतली तर तेवीस दिवस. ‘महिनाभराचं रेकॉर्डिंग राहतं’ असं कोणी तोंडी सांगितलं, तर हा गुणाकार त्याच्यासमोर करा.

दुसरं, उजेड. अंधारात चित्रावर दाणे दाणे नाचतात. संगणकाला वाटतं, सगळंच हलतंय. ‘वरीलप्रमाणे’ लिहायला काहीच उरत नाही, आणि जागा दाण्यांवर खर्च होते. दारात एक चांगला दिवा लावला, की चेहराही स्पष्ट येतो आणि जागाही वाचते. कॅमेऱ्यासमोर हलणारी फांदी असेल, तर तीही छाटा.

तिसरं, घड्याळ. दोन-तीन वेगवेगळी यंत्रं असतील तर सगळ्यांची वेळ एक हवी. एकात सव्वाचार आणि दुसऱ्यात पाच असेल, तर कोण आधी आलं आणि कोण नंतर, याचा मेळ लागत नाही.

चौथं, काही घडलं तर थांबू नका. चोरी, छेडछाड, अपघात, मारहाण, काहीही असो, त्या ठिकाणचं रेकॉर्डिंग पुसलं जायच्या आत जपून ठेवायला लेखी सांगा. अर्जात तारीख, वेळ, जागा लिहा आणि पोच घ्या. ‘नंतर बघू’ म्हणता म्हणता सहावा दिवस उलटतो.

पाचवं, पडद्यावर चाललेलं रेकॉर्डिंग मोबाइलने टिपून व्हॉट्सॲपवर पाठवू नका. निदान त्यावर विसंबू नका. त्यात चित्र पुन्हा पुन्हा दाबलं जातं आणि नंबर प्लेटचा चिखल होतो. यंत्रातून मूळ फाइलच पेनड्राइव्हवर घ्यायला लावा. कोर्टात नेताना प्रतीसोबत ठरावीक प्रमाणपत्र लागतं. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीच्या खटल्यात व्हिडिओ रेकॉर्डिंगचाच प्रश्न होता. त्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितलं की मूळ यंत्र हजर केलेलं नसेल, तर प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही ही तरतूद आहे.

अठरा महिन्यांची आठवण

बाईने पोलीस ठाण्याची पायरी चढायची म्हटलं की पोटात गोळा येतो. म्हणून हे माहीत असू द्या. २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे हवेत. येण्याजाण्याची दारं, कोठड्या, व्हरांडे, स्वागतकक्ष असा कोणताही भाग सुटता कामा नये. रेकॉर्डिंग अठरा महिने राहायला हवं. तशी सोय बाजारात मिळत नसेल तर जास्तीत जास्त जितकं शक्य तितकं, पण एक वर्षाहून कमी नाहीच.

आता आपला गुणाकार लावा. दहा कॅमेरे, रोज प्रत्येकी ४३ जीबी, अठरा महिने: सुमारे २३६ टीबी. एच. २६५ वापरलं तर त्याच्या निम्मे. न दाबता ठेवायचं म्हटलं असतं, तर ७३,००० टीबीच्या वर. म्हणजे आकड्यांची ही काटकसर नसती, तर असा आदेश पाळणंच शक्य नव्हतं. आणि ‘जागा नव्हती, पुसलं गेलं’ हे उत्तर कधी मिळालं, तर ते तपासून बघण्याइतकं गणित आता आपल्याजवळही आहे.

जाता जाता आणखी एक. कॅमेरा कुठे बघतो, हेही ठरवायचा आपल्याला हक्क आहे. तो दुकानाच्या गल्ल्याकडे, रस्त्याकडे असावा. कोणाच्या न्हाणीकडे, अंगणाकडे, कपडे बदलण्याच्या खोलीकडे नको. गावात कॅमेरे लावायचा विषय ग्रामसभेत येईल तेव्हा चार प्रश्न विचारा: कोणत्या दिशेला? किती दिवसांची आठवण? बघणार कोण? आणि मागितल्यावर देणार कोण? उत्तरं ठरावात लिहून घ्या.

पुढच्या बैठकीत गटाचं रजिस्टर उघडाल, ‘मागील पानावरून पुढे’ लिहाल, तेव्हा जवळच्या एखाद्या कॅमेऱ्याचा हा हिशेब करून बघा. यंत्र बसवलंय तिथल्या माणसाला विचारा, किती टीबी, किती कॅमेरे, किती दिवस? तुमचं उत्तर आणि त्याचं उत्तर जुळतं का, ते आम्हालाही कळवा.